पंधरा किलोंची बॅग आणि आईसोबत केनिया

माझी आई एकोणतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये भूगोल शिकवत होती. सहावी-सातवीत मी तिच्याच वर्गात होते. खचदरी शिकवताना ती फळ्यावर दोन उभ्या भिंती काढायची आणि मधली जमीन खडूने आडवी घासून खाली खचवायची. “आफ्रिकेत आहे ही, केनियातून जाते,” असं सांगून पुढच्या धड्याकडे वळायची. तिला सहासष्टावं वर्ष लागलं तेव्हा मी विचारलं, “बघायची का खरी?” तिने पहिला प्रश्न केला तो सामानाचा. “तिकडे न्यायचं काय असतं गं?”

मला उत्तर येत नव्हतं. पुढचे सहा महिने ते शोधण्यात गेले. ज्यांच्या घरी अशीच तयारी सुरू असेल त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकिंग केलं. राजधानी नैरोबी, आणि अंबोसेली व मसाई मारा ही दोन अभयारण्यं, सात रात्री. विमानाचं तिकीट सोडून माणशी साधारण तीन लाख रुपये. आकडा मोठा वाटतो, पण त्यातला बराच भाग प्रवेशशुल्काचा असतो. जुलै ते डिसेंबर या काळात माराच्या राखीव क्षेत्रात परदेशी पर्यटकाला बारा तासांचे २०० डॉलर पडतात, आधीच्या सहा महिन्यांत १००. म्हणजे विल्डबीस्टचे (हरणांच्या जातकुळीतल्या मोठ्या प्राण्यांचे) कळप नदी ओलांडतात त्याच हंगामात दर दुप्पट. शिवाय परदेश सहलीच्या पॅकेजवर तेव्हा पाच टक्के टीसीएस (सहल विकणाऱ्याने आधीच घेऊन सरकारकडे भरायचा कर) कापला गेला, दोघींचा मिळून तीस हजार. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना मिळतात. आईचे पैसे मी मुद्दाम तिच्या खात्यातून आणि तिच्या पॅनवर भरले. पेन्शनीवर तिला फारसा कर बसत नाही, त्यामुळे तिची रक्कम परताव्यात येईल. हे बुकिंगच्या वेळीच ठरवावं लागतं, मागाहून नाव बदलता येत नाही.

त्याच बुकिंगच्या कागदावर खाली एक ओळ होती: नैरोबी ते मारा छोट्या विमानाने, सामान माणशी १५ किलो, हातातली पिशवी धरून, बॅग मऊ असावी. कडक बॅगा त्या विमानाच्या पोटातल्या लहानशा कप्प्यात शिरत नाहीत, म्हणून ही अट. मारापर्यंत रस्त्याने पाच-सहा तास लागतात. जाता-येता दोन्ही वेळा तो रस्ता आईच्या कमरेला झेपणार नाही, म्हणून जाताना विमान आणि येताना गाडी असं मीच मागून घेतलं होतं. ती पंधरा किलोंची ओळ मी त्या दिवशी नुसती वाचून सोडून दिली.

जूनमध्ये पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. केनियात शिरताना भारतातून थेट जाणाऱ्याला हे प्रमाणपत्र मागत नाहीत, ते लागतं भारतात परत येताना. आपल्याकडे हा रोग पसरवू शकणारे डास आहेत, पण रोग अजून आलेला नाही. म्हणून पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राविना येणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं.

सरकारी केंद्रात ठराविक वारीच ही लस देतात, नाव आधी नोंदवावं लागतं. आम्ही १२ जूनला गेलो. दोन तास बसल्यावर आईला परत पाठवलं. साठीच्या पुढच्या माणसाला या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून आपल्या डॉक्टरांचं तब्येत ठीक असल्याचं पत्र लागतं. आम्हाला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी आईचा रक्तदाब, औषधं, अंड्याची अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्तीचे आजार, सगळं विचारून पत्र दिलं. १९ जूनला लस झाली. माणशी ३०० रुपये, नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. हातात पिवळी पुस्तिका मिळाली आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

रात्री पासपोर्टशेजारी ठेवून पाहिलं तर आईच्या पासपोर्ट क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट लिहिलेले. त्या रात्री मला झोप आली नाही. पासष्ट वर्षांच्या बाईला विमानतळावर एका आकड्यापायी अडवलं तर, हेच डोक्यात. आपण पेनाने दुरुस्त केलेलं चालत नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाऊन दुसरी पुस्तिका लिहून आणली. तेव्हा एक कराच: खुर्चीवरून उठण्याआधी नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सही, शिक्का, सगळं बोट ठेवून वाचा. आईला पाचव्या दिवशी कणकण आली, एका दिवसात गेली.

जुलैच्या सुरुवातीला ई-टीए. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ही ऑनलाइन परवानगी आणली आहे. शुल्क ३० डॉलर आणि वर थोडा आकार. पासपोर्ट सहा महिने वैध हवा, तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि फोटो जोडायचा. हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओ डॉट केई’ आहे ना ते पाहा. आमची परवानगी तिसऱ्या दिवशी आली. मी त्या दोन दिवसांत किती वेळा ईमेल उघडला असेल याची गणती नाही.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. आम्हाला दिलेल्या गोळ्या जंगलात जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून बाहेर पडल्यावर सात दिवस घ्यायच्या होत्या. औषधाच्या चार दुकानांत नव्हत्या, पाचव्याने दोन दिवसांनी मागवून दिल्या. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आणि मग आली बॅग.

२६ जुलैच्या शनिवारी आम्ही सगळं पलंगावर मांडलं. आईची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे. प्रत्येक वस्तू एका पिशवीत, ती पिशवी दुसरीत, वर रबर. औषधं, चपला, मेतकूट, ओले कपडे, सगळ्याला प्लॅस्टिक. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती कागदापुरती नाही: दंड २० ते ४० लाख शिलिंग किंवा एक ते चार वर्षं कैद. अभयारण्यांत तर जून २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. महाराष्ट्रातही २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे, तरी आमच्या ओट्याखाली गठ्ठा होताच.

आईने गठ्ठा बाजूला केला, कपाटातून जुनी सुती साडी काढली आणि शिवणयंत्रावर बसली. मोतिया रंगाची, बारीक हिरव्या काठाची साडी, पदर विरलेला. दोन दुपारींत तिने चौदा पिशव्या शिवल्या, काठाचीच नाडी करून. लहान औषधांसाठी, लांबट मोजे-रुमालांसाठी, एक दुहेरी कापडाची चपलांसाठी. आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येकीवर धाग्याने एक अक्षर घातलं: औ, मो, चा. रात्री तंबूत वीज नसताना मी ती अक्षरं बोटाने चाचपून औषधं काढली आहेत.

माझ्या जुन्या जीन्सच्या एका पायाची तिने एक रिकामी गादी शिवली. सफारीच्या गाडीच्या उघडणाऱ्या छताच्या कडेवर ती ठेवून त्यावर कॅमेऱ्याची लेन्स टेकवायची असते. ती धान्याने भरायची, पण तिकडे गेल्यावर. कच्चं धान्य, बी-बियाणं, फळं इथून नेऊच नका.

रंगांचा विचार आधी करा. खाकी, बदामी, मातकट, मेंदी हे चांगले. पांढरा एका फेरीत लाल-करडा होतो. गडद निळा आणि काळा टाळायचा, कारण त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या त्या रंगांकडे येतात. त्यांना पकडायचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. आईचा आवडता गडद निळा स्वेटर यामुळे घरी राहिला आणि तिला त्याचं वाईट वाटलं. लष्करी ठिपक्यांचे कपडे तर अजिबात नेऊ नका. आई एरवी साडीच नेसते. गाडीची पायरी गुडघ्याएवढी उंच असते हे कळल्यावर तिने स्वतःच सैल सुती कुर्ते आणि विजारी शिवून घेतल्या. तीन जोड पुरले. कॅम्पमध्ये कपडे धुऊन मिळतात, मात्र आतले कपडे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. साबणाची वडी आणि दोरीचा तुकडा त्यासाठी लागतो.

पहिलं वजन: आईची बॅग १७.८ किलो, माझी २१.४. शेजारच्यांकडून हाताने धरायचा वजनकाटा आणला होता. माझ्यातले जवळपास चार किलो कॅमेरा आणि भाड्याने घेतलेल्या १५०-६०० च्या लेन्सचे. मग काढणं सुरू झालं. छत्री गेली, मच्छरदाणी गेली (कॅम्पमध्ये असतेच), जीन्स गेली, टॉवेल गेले, बुटांचा दुसरा जोड गेला. आई खाऊ काढायला तयार नव्हती. चकल्या, लाडू, भडंग, खाकरे, चटण्या मिळून साडेतीन किलो होते. “तिकडे तुला जेवायला मिळालं नाही तर?” या प्रश्नावर वाद घालता येत नाही. शेवटी मेतकूट, दाण्याची चटणी, खाकरे आणि थोडा चिवडा यावर तडजोड झाली, तेही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. तंबूत उघडा खाऊ ठेवला तर माकडं चेन उघडून आत येतात. आमच्या शेजारच्या तंबूत ते घडलंच. जेवणाची चिंता मात्र खरोखर नव्हती. चपाती तिकडे चपातीच म्हणतात आणि चहाला चाय.

९ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या दुपारी, शेवटचं वजन केलं: आई ११.९, मी १४.७.

विमानतळावरची एक गोष्ट मला आयत्या वेळी कळली आणि उपयोगी पडली. महागडा कॅमेरा, लेन्स घेऊन जात असाल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. वस्तूचा अनुक्रमांक, बिल किंवा भाडेपावती दाखवावी लागते. मग परत येताना ‘ही बाहेरून घेतली का’ हा प्रश्न उरत नाही. मला चाळीस मिनिटं लागली, म्हणून तेवढं आधी पोहोचा. पॉवर बँक हातातल्या सामानातच. आईची रक्तदाबाची औषधं मूळ पट्ट्यांत, चिठ्ठीसह, निम्मी तिच्याजवळ आणि निम्मी माझ्याजवळ.

नैरोबीला पोहोचायला सहा तासांच्या आसपास लागतात, घड्याळ अडीच तास मागे करायचं. १० तारखेला बाहेर पाऊल टाकलं आणि पहिला धडा मिळाला. गार वारा. आफ्रिका म्हणजे ऊन हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की विषुववृत्ताला लागून असलेलं हे शहर महाबळेश्वरापेक्षा उंच आहे हे ध्यानात येत नाही. आईच्या ते ध्यानात होतं. तिने कानटोपी हातातल्या पिशवीतच ठेवली होती.

तिथल्या दुकानातून दोन किलो घेवड्याच्या बिया घेतल्या आणि जीन्सची गादी भरली. डॉलर नेताना नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या नोटा मागून घ्या, फार जुन्या तिकडे नाकारतात. चार्जरसाठी तीन चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो. मी एकच नेला होता. फोन, कॅमेरा आणि आईचा फोन, तिघांची रांग. दोन न्या.

अंबोसेली या नावाचा मसाई भाषेतला अर्थ खारट धूळ असा सांगतात, आणि तो पहिल्या तासातच पटतो. कोरड्या तळ्यावरून उठणारी पिठासारखी पांढुरकी धूळ नाकात, पापण्यांत, चेनच्या दातांत शिरते. सुती ओढणी नाका-तोंडावरून बांधा, एक धुवायला पडली तर दुसरी हवी. लेन्स इथे बदलू नका. ओठ फुटतात, म्हणून साधं व्हॅसलीन खिशात असू द्या. मी ते विसरले होते, आईने खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून दिली. १२ तारखेला पहाटे सहाला किलिमांजारो पर्वत पूर्ण मोकळा दिसला, साडेआठला ढगात गेला. त्याच्यासमोरून हत्तिणींची रांग चालली होती. दुर्बीण आमच्याकडे एकच होती, ८ बाय ४२ ची. आई ती सोडेना आणि मला मागवेना. माणशी एक दुर्बीण हवी, लागल्यास कॅमेऱ्याचं सामान कमी करा.

चालक आईला ‘मामा’ म्हणायचा. तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने तसं म्हणतात. आईला आधी हसू आलं, दुसऱ्या दिवसापासून ती त्या हाकेला ओ देऊ लागली. गाडीला तिकडे ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, रंगाला ‘रांगी’ म्हणतात हे कळल्यावर तिने वही काढून शब्द लिहायला घेतले.

अवघड विषय आहे, पण लिहिते. सकाळच्या फेऱ्या पाच-सहा तासांच्या असतात आणि स्वच्छतागृह क्वचितच. आईने त्या भीतीने पहिल्या दिवशी पाणीच प्यायलं नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसली. चालकाला निःसंकोच सांगायचं. तो आधी सुरक्षित जागा पाहतो, मग गाडीच्या आडोशाला उतरू देतो. सैल लांब कुर्ता त्या वेळी फार सोयीचा. कागद आणि वापरलेलं सगळं परत आणायला एक गडद कापडी पिशवी ठेवा. रस्ते खडबडीत आहेत, म्हणून बायकांनी घट्ट आधार देणारे खेळाचे आतले कपडे घ्यावेत. कमरेचा पट्टा आणि हवा भरायची उशी यांमुळे आईची सहल निभावली. त्या उशीचं वजन मूठभरही नाही.

१३ च्या संध्याकाळी नैरोबीत परत आलो तेव्हा घेवड्याच्या बिया चालकाला देऊन गादी रिकामी केली, कारण दुसऱ्या दिवशी छोटं विमान होतं. नैरोबीतून ही छोटी विमानं सुटतात त्या विल्सन विमानतळावर बॅगा खरोखरच काट्यावर ठेवतात. आमच्या पुढच्या जोडप्याची मोठी कडक बॅग होती. त्यांना तिथेच जमिनीवर बसून सामान कापडी पिशवीत हलवावं लागलं, उरलेलं त्यांनी कुठेतरी ठेवायला दिलं. माझी १४.९ भरली. धुळीचं वजन, आई म्हणाली.

मारात कॅम्पच्या स्वयंपाकघरातून तांदूळ मागून गादी पुन्हा भरली आणि जाताना ते परत केले. पहाटे गाडीचं छत उघडल्यावर वारा हाडांपर्यंत जातो. सदरा, त्यावर लोकरी जाकीट, त्यावर वाराबंद जाकीट असे थर हवेत, कारण दहा वाजता सगळं उतरवून टोपी घालावी लागते. टोपीला हनुवटीखालची दोरी असू द्या. रात्री तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. पाणघोडे चरायला वर येतात, पहारेकरी टॉर्च घेऊन सोबत येतो. आपलीही कपाळावर बांधायची बॅटरी ठेवा, हात मोकळे राहतात.

१५ ऑगस्टला मारा नदीच्या काठी आम्ही तीन तास थांबलो. पलीकडे हजारो विल्डबीस्ट जमले होते. पुढचे काठापर्यंत यायचे, पाण्याकडे बघायचे आणि मागे वळायचे. ओलांडलं नाही कुणीच. मला हळहळ वाटली. आई दुर्बीण डोळ्यांना लावून म्हणाली, “थांब, तो एक अजून विचार करतोय.” त्या तीन तासांत लागलं काय, तर टोपी, पाण्याची स्टीलची बाटली, खाकरे, उशी.

१७ ला गाडीने नैरोबीकडे निघालो. नारोक गाव मागे टाकून रस्ता वर चढला आणि खचदरीच्या कड्यावर गाडी थांबली. आई उतरली. खाली उतरत गेलेली भिंत, तळाशी सपाट जमीन, त्यात लोंगोनोट ज्वालामुखीचा शंकू, आणि पलीकडची भिंत इतकी लांब की धुक्यात नुसती रेघ. वारा झोंबत होता, मी तिला जाकीट चढवलं. तिने कुठलाही फोटो काढला नाही. बराच वेळ बघून म्हणाली, “मी दोन्ही भिंती फार जवळजवळ काढायचे गं. मुलांना वाटलं असेल ओढा आहे.”

१८ ला पहाटे मुंबईत आरोग्य तपासणीच्या टेबलावर पिवळ्या पुस्तिका मागितल्या. त्या बाईंनी आईच्या पुस्तिकेवरचा क्रमांक पासपोर्टशी एकेक आकडा लावून पाहिला आणि शिक्का मारला. १९ ला लेन्स परत केली, २४ ला मलेरियाच्या गोळ्या संपल्या. साडीच्या पिशव्यांचं पहिलं पाणी राखेसारखं निघालं, दुसऱ्या धुण्यात त्या स्वच्छ झाल्या. २७ ला गणपती होते, म्हणून आईने त्यांतल्या सहा वाती, कापूर आणि जानव्यांसाठी काढून घेतल्या. ‘औ’ची तिने बाजूला ठेवली आहे. माझी मावशी पुढच्या वर्षी जायचं म्हणते आहे.